पातळी एक

भिंतीवरचा तक्ता माझ्या नोकरीपेक्षा जुना.
एक: आपलं आपण निस्तरता येईल असं.
दोन: शहराला हाक मारावी लागेल असं.
तीन: सगळे मैदानात, आणि डोकी मोजा.

वाल्दिव्हियात जमीन हलते तेव्हा तीनच.
त्यात विचार करायला काही उरत नाही.
रसायनशास्त्रात अमोनिया गळला, दोन.
नदीतून समुद्रसिंह वर आला
आणि ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर घोरत पडला,
एक.
मासा दाखवून हलवला त्याला.
मासा कँटीनच्या खात्यावर.

काल पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी
काचघरातून नेरेआचा फोन.
डॉन एलिसेओ खुर्चीत बसलेत, म्हणाली,
झारी हातात तशीच,
पाणी सगळं बुटांत गेलंय.

मी विचारलं, कारण विचारावं लागतं:
इमारतीला धोका? नाही.
तासांवर परिणाम? नाही.
बाधित व्यक्ती किती?
ती गप्प.
मग म्हणाली, एक.

एकतीस वर्षं नेच्यांना पाणी घातलं त्यांनी.
जाता-येता मला विचारायचे,
आज किती पातळ्या चढलीस, ओफेलिया?
जणू जिनाच तो.

रकान्यात मी एकचा आकडा काढला.
पेन उचलेना.
रेघ खाली गेली, शेऱ्याच्या चौकटीतून,
सहीच्या जागेवरून, कागदाच्या कडेपर्यंत.

दिवसपाळीच्या रिगोबेर्तोनं पाहिलं.
हे काय, खोडलंस?
नाही, म्हटलं. एकच आहे.
तू बस इथे जरा,
मी नेच्यांना पाणी घालून येते.