एक टिक

मेरी वेदर मैदानावर
गूळ अडत्यांच्या संस्थेची पंचाहत्तरी.
एक्केचाळीस माणसांचा ग्रुप: ‘अमृतमहोत्सव फायनल’.
मग ‘अमृतमहोत्सव फायनल २’,
कारण पहिल्यात चुकून अध्यक्षांचे जावई घेतले गेले.

मी शो कॉल करते. म्हणजे
अंधारात बसून दुसऱ्यांना सांगते: आता.
चॅनेल एकवर दिवे, दोनवर आवाज,
तीनवर पार्किंग, जेवण, हरवलेली पोरं
आणि सर्जेराव पोवार, ज्याला कुठलंही काम सांगा,
आधी “झालं” म्हणतो, मग निघतो.

शीटमध्ये लाल म्हणजे राहिलंय, हिरवं म्हणजे झालंय.
उत्कर्षनं परवा रात्री अख्खा रकाना हिरवा केला
आणि झोपला.
सकाळी बघते तर शीटमध्ये कमान उभी,
मैदानावर नुसते बांबू.

दस्तगीर शिकलगार, जनरेटर, राहणार वडणगे,
काही टाइप करत नाही.
वॉकी दिला की खिशात उलटा ठेवतो.
डिझेल किती, विचारलं तर अकरा सेकंदांचा आवाज येतो:
आधी म्हैस, मग भांडं पडल्याचं,
मग कुणीतरी पोरगी, “अब्बा, पाणी आलंय,”
आणि अगदी शेवटी
“हाय की म्याडम, रग्गड.”
रकान्यात रग्गड भरता येत नाही.
मी दीडशे लिटर लिहिलं.

साडेसातला तीन हजार माणसं आत आली,
तीन हजार फोन वर झाले.
नेटवर्क आधी जड झालं, मग बसलंच.
माझे निरोप एकेका टिकवर उभे,
पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यांसारखे.
व्यासपीठावर थर्माकोलची ढेप, आठ फुटी,
तिच्यातून अध्यक्ष बाहेर येणार.
लाइनचा दाब पडत चाललेला, पडदा लुकलुकतोय.

“दस्तगीरभाई, स्टँडबाय.”
खरखर.
“दस्तगीरभाई, ऐकताय का?”
खरखर, आणि तिच्यातून पार्किंगवाला:
“पांढरी गाडी कुणाची वो, आडवी लावलीय?”

सर्जेरावला पळवलं. “झालं,” म्हणाला.
मागच्या कुंपणापर्यंत दीडशे पावलं,
मध्ये मसाले दुधाची रांग.
तो रांगेतच अडकलेला असताना
दिवे एकदा मिटले,
डोळा लवतो तेवढेच,
आणि उजळले. पडदा स्थिर.
ढेप उघडली, अध्यक्ष आले, टाळ्या.
माझ्या तोंडातला ‘गो’ तोंडातच.

रात्री पावणेदोनला फोनमध्ये सगळं एकदम सुटलं.
एकशे बारा निरोप.
माझे ‘स्टँडबाय’ एकामागून एक पोचत होते,
रिकाम्या मैदानावर.
आणि त्याचे नऊ सेकंद:
“म्याडम, लायटीचा आवाज बारीक झाल्ता.
तुमी म्हणायच्या आदीच टाकला बगा. चाललं न्हवं?”

लायटीचा आवाज.
सहा वर्षं कानाला हेडसेट आहे माझ्या.

मग बिलं निघतील तशी माणसं ग्रुप सोडत गेली.
मांडववाले, फुलवाले,
साऊंडचे आयरेकर हात जोडल्याचं चित्र टाकून,
उत्कर्ष न सांगता.
दुसऱ्या ग्रुपातही जावई होते, कसे आले कोण जाणे,
तेही गेले.
राहिलो दोघं. त्याला ग्रुप सोडता येत नाही.
मला येतो.

काल दुपारी ‘फायनल २’वर सात सेकंद.
कुठल्या तरी गावच्या लग्नात मशीनची धडधड,
तिच्यावरून तो ओरडतोय:
“ह्यो आवाज आयका. बेरिंग गेलंय का वो?”

तीनदा ऐकलं. चौथ्यांदा डोळे मिटून.
बोटांनी सवयीनं ‘कॉपी’ लिहिलं.
खोडलं.
माइकचं बटण दाबून धरलं,
सेकंद चढत गेले, दोन, तीन, पाच,
खालून घंटागाडी गाणं वाजवत निघून गेली,
आणि मग म्हटलं,
“परत एकदा लावा. फोन जवळ धरून.”