काठाकाठाने

बिंगहॅम्टनला दोन नद्या मिळतात,
आणि माझ्या खिडकीतून त्यांतली एकही दिसत नाही.
दिसतं बुटांच्या बंद कारखान्याचं धुराडं,
मीठ फेकलेला रस्ता,
आणि पडद्यावर चार हजार मुलं,
मुलं म्हणजे ठिपके.

प्रश्न साधा होता.
तिसरीत वाचन कच्चं, त्यांना हिवाळाभर
रोज चाळीस मिनिटं जादा शिकवणी.
उपयोग झाला का?

कच्च्यांना पक्क्यांशेजारी उभं करून हे कळत नाही,
ती आलेलीच असतात वेगवेगळ्या घरांतून.
म्हणून काठावर जायचं.
साठाला काठ असेल तर एकोणसाठ आणि साठ
ही पाठची भावंडंच धरायची:
एकाला त्या सकाळी सर्दी होती,
एकीने चित्र बघून शब्द ठोकून दिला.
एवढ्यावर एक शिकवणीला बसला, दुसरी बसने घरी.
वर्षाअखेरीस बरोबर त्या जागी
रेषेला पायरी पडली असेल
तर ती पायरी शिकवणीची.

आमच्याकडे काठ पस्तिसाला,
अख्ख्या राज्याला एकच.
माझा मावसभाऊ चौतिसावर राहिला.
त्याचं पुढचं सगळं मी अजून
पस्तीसवाल्या शेजाऱ्याशी ताडून बघते,
एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही
हे पोटापाण्यासाठी शिकले असूनही.

इथे शाळागणिक काठ निराळा.
नदीकडच्या शाळेत अठ्ठेचाळीस, कारण शिक्षक दोनच.
टेकडीवर एकाहत्तर,
तिथे आईबाप फोन करतात.

हॅडलॉकसाहेब म्हणाले, वजा कर.
प्रत्येकाच्या गुणांतून त्याच्या शाळेचा काठ.
मग सगळे शून्यापाशी गोळा होतील,
आणि बोर्डाला एक आकडा लागतो, एकच.
केलं.
साडेतीन गुणांची पायरी आली.
देखणी होती. कुणाचीच नव्हती.

सुटी सोडवली तेव्हा कळलं:
नदीकाठी आठ,
टेकडीवर काहीच नाही, झालंच तर किंचित उतार;
आणि साडेतिनात वजन जास्त त्यांचं
ज्यांच्या काठाशी गर्दी जास्त.

मग पंचावन्नवाले दोघं.
नदीकडचा शिकवणीबाहेर, टेकडीवरचा आत.
गुण तेच, पण शाळा तीच नव्हे.
एकाहत्तरच्या वर, जिथे दोन्हीकडे शिकवणी नाही,
तिथे दोन शाळांमधलं अंतर मोजायचं
आणि मानायचं की खालीही ते तेवढंच आहे.
मी मानलं.
समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह.

उरली क्लिंटन रस्त्याची शाळा. काठ साठ.
एकोणसाठावर एकतीस मुलं, ढीगच.
साठावर दोन.
फोन केला. मिसेस हुडॅक, चौतीस वर्षं तिसरीचा वर्ग.
त्यांनी लपवलं नाही काही.
"साठवाल्याला वाचता येत नव्हतं हो.
एका गुणासाठी त्याला घरी धाडू?"
मागे कुठेतरी घंटा झाली, खुर्च्या सरकल्या.

काठाला हात लागला की काठ काही सांगत नाही.
हा नियम मीच नव्या पोरांना शिकवते.
एक ओळ लिहिली
आणि दोनशे बारा मुलं अहवालातून गेली.
तळटीप: या शाळेची माहिती ग्राह्य धरलेली नाही.
त्या बाईंबद्दल तळटिपेत जागा नव्हती.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं होतं,
मग ते दोघं साठावर कसे राहिले?
बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.
"त्या दिवशी मी रजेवर होते," म्हणाल्या,
"बदलीवर कोणीतरी आलं होतं.
नावं आहेत का तुमच्याकडे?"

माझ्याकडे नुसते क्रमांक असतात.