गुरुवारचं सॅलड

गुरुवारी भोसरीची यंत्रं गप्प असायची
आणि प्राधिकरणातल्या आमच्या ओट्यावर
बाबांची पाळी सुरू व्हायची.

आधी बटाटे.
आकुर्डीच्या बाजारात नलावडे मावशींच्या गोणीत
कोपरापर्यंत हात घालून एकेक निवडत:
पिठूळ नको, फुटतो. चिकट दे, मेणासारखा.
"भाऊ, बटाटा घेताय की सोयरीक जुळवताय?"

सालीसकट उकडायचे, चटके बसताहेत तोवर सोलायचे.
गिअर कापून कापून निबर झालेल्या बोटांना
चटका कळत नव्हता.
आम्हाला कळायचा, म्हणून आम्ही नुसत्या बघायचो.
चकती तीन मिलिमीटर.
हे काय मोजायचं असतं, आई म्हणाली एकदा,
तर खिशातून व्हर्नियर काढला, धोतराच्या फडक्यानं पुसला
आणि बटाट्याला लावला.
तीन पूर्णांक चार.
"रिजेक्शन," म्हणाले, आणि ती चकती खाऊन टाकली.

अठ्ठ्याहत्तर साली कंपनीनं त्यांना
आठ महिने रॉयटलिंगनला धाडलं होतं.
घरमालकीण फ्राउ हेबर्ले.
तिला इंग्रजी येत नव्हतं,
यांना जर्मनमध्ये फक्त सुटे भाग.
तिनं बटाट्यांवर कढत रस्सा ओतला.
कशाचा, ते यांनी विचारलं नाही,
आणि परत आल्यावर आईनंही नाही.

आमच्याकडे रश्शाच्या जागी
हरभऱ्याच्या डाळीचा कट आला.
तेल, व्हिनेगर, बारीक कांदा,
आणि मोहरी, खलात फेसलेली, टाळूपर्यंत चढणारी,
फ्राउ हेबर्लेच्या बाटलीतल्या मोहरीहून
(बाबांच्या मते) दोन इयत्ता पुढची.
मग झाकायचं. बटाट्याला पिऊ द्यायचं.
मग डाव घालून फिरवायचं आणि कान द्यायचा:

चपक्. चपक्.

चिखलातून चप्पल उपसावी तसा.
"आवाज आला पाहिजे. नाहीतर ती नुसती भाजी."

मी आता निगडीत जर्मन शिकवते.
वर्गात बावीस नर्सेस, दोन वेल्डर,
आणि कुणाच्याच घशाखाली न उतरणारी चतुर्थी विभक्ती.
माझं सॅलड वेगळं:
चक्का, मुळ्याच्या चकत्या, आंबट सफरचंद,
कांद्याची पात आणि शेपू.
शेपू म्हटलं की बाबा खुर्ची मागे सरकवतात.
उत्तरेकडचे लोक मेयोनीज घालतात,
ते मी एकवेळ समजू शकतो. पण शेपू?
एक घास घेतात. पुन्हा एक घेतात.
"चूक आहे. पण बरं आहे."

परीक्षेनंतर डबा उघडला तेव्हा
आश्लेषा गवारे, व्हिसा आलेली, बोटं चाटत म्हणाली,
मॅडम, तिकडे हेच मिळेल ना?
मी म्हटलं, तिकडे गल्लीगणिक भांडण आहे यावरून.
मग घरच्यासारखंच, ती म्हणाली.

मशीनशॉपनं बाबांचे कान नेले.
एकदम नाही. आधी कुकरच्या शिट्ट्या,
मग दारावरची बेल, मग आम्ही.
कानातलं यंत्र टीव्हीच्या कपाटात पडून असतं.
त्याचं सेटिंग चुकलंय, म्हणतात.

या गुरुवारी त्यांच्या पद्धतीनं केलं मी.
शेपू नाही. कट गरम. चकत्या अंदाजानं.
डाव फिरवला.
ते माझ्या ओठांकडे बघत होते.
"आला?"

हो म्हणता आलं असतं.
पण त्यांनी वाट पाहिलीच नाही,
पातेल्याच्या कुशीवर तळहात टेकवला,
चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवत तसा,
आणि डोळे मिटले.

फिरव.

मी फिरवलं.

"कोरडं चाललंय," म्हणाले. "अजून एक डाव कट."