निरीक्षण

उद्देश, साहित्य, कृती.
एवढं मी फळ्यावर लिहून दिलं.

साहित्यात भैरूनं लिहिलं:
चंचुपात्र एक, स्टोव्ह, काडेपेटी,
कन्नड शाळेतून मागून आणलेली तापमापी,
जेवणाच्या सुट्टीआधी परत द्यायची.
मी ते खोडलं नाही.

जांबोटीच्या पोरांनी पाणी उकळलं.
बुडबुडे, वाफ, माझ्या चष्म्यावर धुकं.
पारा सत्त्याण्णवापाशी येऊन बसला तो
उठेचना.

पंचवीस वह्यांत शंभर.
सव्विसावी यल्लूची.
तिथं सत्त्याण्णव खरवडून शंभर केलेले,
कागद पातळ झालेला.

"पुस्तकात तसं हाय की, सर."

पुस्तक मिट.
कारण उद्या शोधू,
घाट, हवा, उंची, सगळं उद्या.
आज फक्त
डोळ्यांनी काय बघितलंस?

तिनं पान खिडकीकडं धरलं.
खोडलेला आकडा उजेडात अजून होता.
त्याच्यावरूनच तिनं पेन फिरवलं.

निष्कर्षाची ओळ कोरी ठेवा, म्हणालो.

तेवढ्यात भैरू तापमापी देऊन
कुंपणावरून उडी टाकत परत,
धापा टाकत:

"तेंच्याकडंबी सत्त्याण्णवच आल्तं म्हणे, सर.
ह्ये कुठल्या मथळ्याखाली लिव्हू?"