यजमान

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत
पाण्याच्या टाकीखाली जी कर्दळ होती
तिच्या पानांवर, शिरांच्या कडेकडेनं,
पिवळ्या रेघा.
हळदीच्या बोटांनी ओढल्यासारख्या.
हिलाल आप्पांनी तीच वाढवली.
साधी हिरवी कुणी मागतच नसे.

गड्डे फोडून ओल्या गोणपाटात गुंडाळून द्यायचे:
गार्डच्या बंगल्याला, दवाखान्याच्या फाटकाला,
बदली होऊन नागपूरला निघालेल्या बाईंना,
मला, मी सहावीत असताना.

आता माझ्याकडे सव्वीस पानं,
बर्फात, नंबर घातलेली.
खलबत्त्यात कुटली
(हो, खलबत्ताच, फक्त चिनीमातीचा)
आणि तीन आठवड्यांनी पडद्यावर
चारच अक्षरं, सात हजारांवर जागी:
ए, टी, जी, सी, पुन्हा टी.
या विषाणूचा धागा गोल असतो.
बांगडीला सुरुवात नसते,
तरी कुठूनतरी वाचावं लागतं
म्हणून सगळ्यांनी एक जागा ठरवलीय.
मीही तिथूनच सुरू केलं.

सव्वीस बांगड्या, जवळपास एकसारख्या.
दवाखान्याची दोन अक्षरांनी वेगळी.
गार्डच्या बंगल्याची तीच दोन, वर आणखी एक.
फरक मांडत गेले तर कागदावर झाड उभं राहिलं,
बुंध्याशी टाकी,
आणि फांदीफांदीवर
कुणाकडून कुणाकडे गड्डा गेला त्याची नोंद.
आप्पांनी वही कधी ठेवली नव्हती.

सांगितलं त्यांना. रेघा म्हणजे आजार.
ते कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिले.
"मंग आते काय? उपटी टाकू?"
भिंतीपलीकडून केळी सुरू होते,
पार रावेरपर्यंत, कर्दळीची भावकी.
मी हो म्हणाले.
ते उठले नाहीत.
"वाची दखाड बरं, काय लिखेल शे."

मी वाचलं. टी, जी, जी, टी, ए.
दुसऱ्या ओळीला मालगाडी आली,
सगळे डबे जाईपर्यंत थांबले.
"चालू दे," म्हणाले, "मी ऐकी ऱ्हायनू."
पावणेदोनशेव्या अक्षराला माझा घसा सुकला.
त्यांनी तांब्या पुढे केला.

रात्री अर्ज भरला. ठिकाण. तारीख.
'यजमान' या रकान्यापाशी हात जरा अडला,
मग लिहिलं, कर्दळ.

टाकीखाली आता खड्डा आहे,
आत चुना.
माझ्या दारातली अजून उपटायची राहिलीय.