पंधरा किलो

रात्रीचे साडेअकरा. भिंतींतून अजून ऊन येतंय.
पलंगावर माझा ड्रायसूट पसरलेला,
काळा, जाड, गळ्याशी रबराची कड.
अम्मा म्हणते, उचल ते,
कुणीतरी पडून राहिल्यासारखं दिसायलंय.

हा न्यायचा नाही,
एवढं ठरायलाच दोन दिवस गेले.

नऊ वर्षं झाली, नॉर्वेत, चार अंशांच्या पाण्यात,
मासे पाळायच्या जाळ्यांची भोकं शिवते मी.
भद्रावती पेठेत नायना सगळ्यांना सांगतात :
थोरली पण आपल्याच धंद्यात आहे.

तिथं उतरायचं म्हणजे आधी अंगावर घर चढवायचं.
लोकर, लोकरीवर लोकर, टोपडं, तीन बोटांचे हातमोजे,
आणि कमरेला चौदा किलो शिसं,
नाहीतर एवढा संसार बुडत नाही.
गालाचा एक तुकडा उघडा राहतो,
तो आधी जळतो,
मग आपला राहत नाही.

आता कदमतला चाललेय. पाणी एकोणतीस.
सुई-दोरा न घेता पाण्यात शिरायची
ही पहिली खेप.
विमानवाले म्हणतात पंधरा किलो, वर एक ग्रॅम नाही.

नायनांनी शेडमधून सुताचा काटा आणलाय,
पितळी तबकडी, गंजका हुक.
"दोनशे ग्रॅम वजा धर," म्हणतात,
"हा आयुष्यभर व्यापाऱ्याच्या बाजूनं बोललाय."

फिन्स लटकवले. जाड बुटांच्या मापाचे,
माझ्या नुसत्या पावलांना ढगळ. तरी राहू देत.
रेग्युलेटर गोठू नये म्हणून महागाचा घेतलेला,
तिथं त्याला करायला काही नाही,
श्वास देईल, झालं.
तो हातातल्या पिशवीत.
टोपडं बाहेर. हातमोजे बाहेर,
मग आत, मग परत बाहेर.
नायना काट्याकडे बघतात, माझ्याकडे बघत नाहीत.

शिसं तिथंच मिळेल.
"चार किलो पुरे तुम्हाला," फोनवरचा मुलगा म्हणाला.
चार?
मी दोनदा विचारलं.
चार किलोवर कुणी खाली कसं राहतं?

पहाटे तीनला गल्लीत हाक उठली, नीळ्ळु, नीळ्ळु,
पाचव्या दिवसाचं पाणी.
घागरी, पाइप, कुणाच्या तरी मोटरवरून भांडण.
आमचा हौद अर्धा भरला, तशी मी
पातळ सूट घालून काठावर आले, मापाला म्हणून.
"खबरदार," अम्मा म्हणाली, "पाच दिवस प्यायचंय ते."

मग बादली घेतली.
मास्क लावला, गुडघे टेकले, तोंड आत घातलं.

कोमट. एप्रिलमध्ये आमचं नळाचं पाणी
रात्रीचंसुद्धा कोमटच असतं, हे मी विसरले होते.
काही जळलं नाही.
गाल गालच राहिला, कपाळ कपाळ,
आणि समोरच्या शेडमधले माग
पाण्यातून ऐकू आले, जवळून, आत कुठंतरी.
एवढं सगळं एकदम लागतं तोंडाला?
मी डोकं वर काढलं नाही लगेच.

"गळतंय का?" नायनांनी विचारलं.
नाही म्हटलं. मास्क काढून पालथा केला
तर थोडं पाणी निघालं.
त्यांनी पाहिलं असावं.

बॅग भरली साडेतेरा, दोनशे वजा.
ते आत गेले आणि एक टॉवेल घेऊन आले,
किनारीला एक धागा चुकलेला, म्हणून घरी राहिलेला.
त्यावर अम्माची शेंगाचटणी, तीन पिशव्यांत बांधून.
काटा पंधरावर थरथरत थांबला.

ड्रायसूट अम्मानं खाली घेतलाय.
इथल्या उन्हात रबर चिरतं, असं मीच सांगितलं होतं,
तर गळ्याच्या कडेला ती पावडर लावत बसलीय,
बोट आतून फिरवत,
घामोळ्यांची पावडर, गुलाबी डबा.

"गरम पाण्यात काय बघायचंय तुला?" ती विचारते.
मी हातमोजे उचलते. काट्यावर जागा नाही.
तिच्याकडे देते.