बुंदीची बादली

मानवतच्या मोंढ्यामागं, पत्र्याच्या शेडखाली
मावसभावाच्या लग्नात माझ्याकडं बुंदी होती.
वैशाखातलं ऊन पत्र्यातून
डोक्यावर ठिबकत होतं
आणि मी कमरेला टॉवेल खोचून
ओळीनं म्हणत चाललो होतो
घ्या मामा, घ्या काका, अहो एवढीशी काय घेता.

माणूस वाढायला लागला की उंच होतो.
सगळे मान वर करून बघतात त्याच्याकडं,
पानावर हात आडवा धरून नको म्हणणारेसुद्धा.
मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या पंगतीच्या टोकाला बँडवाले बसले होते,
लाल कोट काढून मांडीखाली घेतलेले.
मधोमध लिंबाजी हातागळे, पाथरीचे.
सकाळी परण्या निघाला तेव्हा त्यांच्या क्लॅरोनेटसाठी
दुकानदार गिऱ्हाईक सोडून ओट्यावर आले होते.
त्यांच्या पानापाशी पोचलो
आणि वाटी बादलीच्या बुडाला खरडली.
मी मान वळवून, आचाऱ्याकडं बघत बोललो:
तुम्ही थांबा जरा.

एवढंच.
शिवी नाही, टोमणा नाही, आवाजसुद्धा चढा नाही.

त्यांनी पत्रावळ मधोमध दुमडली
वरणभातासकट, पत्र दुमडावं तशी,
आणि उठले.
त्यांच्यामागं ढोलवाला उठला, मग झांजवाला,
मग मिसरूड न फुटलेला एक पोरगा
ज्याच्या तोंडात अजून घास होता.

काय झालं, काय झालं करत सगळं शेड उभं राहिलं.
नवरदेवाचा मामा म्हणाला, माजलेत.
कुणीतरी म्हणालं, त्यांचं काय चुकलं?
म्हणणाऱ्याच्या अंगावर दोघं धावले.
एक म्हातारी भातात बोटं तशीच ठेवून रडायला लागली,
तिचं कुठलं जुनं दुखलं कुणास ठाऊक.
वडलांनी विचारलं, काय बोललास रं?
मी म्हणालो, काहीच नाही.

संध्याकाळची वरात मुकी निघाली.
घोड्याचे नाल तेवढे डांबरावर वाजत होते
आणि दर टापेला मला वाटायचं
ओट्याओट्यावरून माझंच नाव घेतायत.

पंधरा दिवसांनी पाथरीला गेलो, रिकाम्या हातानं.
बुंदीचा डबा न्या, बायको म्हणाली होती.
मला ते जमलं नाही.
लिंबाजी बाजेवर बसून
क्लॅरोनेटची पत्ती ब्लेडनं तासत होते.
पाठ करून आणलेलं मी म्हणून टाकलं,
की बादली संपली होती, दुसरं काही नव्हतं मनात.

दिसली की, ते म्हणाले.
बूड दिसलं होतं मला बादलीचं.

मग पत्ती उजेडात धरून, माझ्याकडं न बघता:
थांबा म्हणल्यावर माझा बाप
कचेरीच्या दारात, देवळाच्या दारात,
खळ्यावर, विहिरीवर
थांबून थांबून म्हातारा झाला.
तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून म्हणला असता गुरुजी
तर थांबलो असतो. रातभर थांबलो असतो.
आन खरं सांगू का,
उठलो तवा मलाबी ठावं नव्हतं
एवढा राग मी कुठं ठिवला होता ते.
त्या पोराच्या तोंडातला घास आठवतो नुस्ता.

यावर काय बोलतात ते मला येत नव्हतं.
बारावीच्या पोरांना मी तीस वर्षं मराठी शिकवलं.
उठलो. एक पाय चपलेत घातला.
तेवढ्यात आतून नातीचा आवाज आला:
आज्या, च्या ठिवलाय,
पाव्हण्याला म्हणावं थांबा जरा.

ब्लेड थांबलं.
लिंबाजींनी माझ्याकडं बघितलं, चांगलं निरखून.
मी पाय चपलेतून बाहेर काढला.